रेषेवरची खुर्ची

बॅडमिंटनला एकेकाळी ‘पूना’ म्हणत, हे आम्ही दरवर्षी परदेशी पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. पाहुणे मान डोलावतात आणि आम्हालाच हरवून घरी जातात. आमच्या शहरातल्या ज्युनिअर मुलामुलींच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा इतिहास कुणी विचारला, तर मी इथूनच सुरुवात करते.

पुढचा सगळा इतिहास मी कोर्टाच्या कडेला बसून पाहिला. पहिल्या वर्षी माझी मुलगी पहिल्याच फेरीत हरली. ती कोपऱ्यात रडत होती, मी तिचा डबा धरून बसले होते. रेषापंच कमी पडत होते, म्हणून मुख्य पंच मला म्हणाले, “अहो, नुसत्याच बसल्या आहात, तर इकडे बसा.” शटल रेषेच्या आत पडलं तर उजव्या हाताने रेषा दाखवायची, बाहेर पडलं तर दोन्ही हात पसरायचे, आणि दिसलंच नाही तर दोन्ही हातांनी डोळे झाकायचे. एवढंच शिक्षण! परीक्षा वगैरे नंतर दिली.

तेव्हा वाऱ्याने शटल भरकटू नये म्हणून खिडक्यांना काळं कापड लावायचो. परदेशी पोरं आमच्या घरी वरण-भात जेवायची आणि लोणच्याने लाल व्हायची. आता चकचकीत मॅट आहे, सामने घरबसल्या फोनवर दिसतात. मुलीने रॅकेट कधीच खाली ठेवली, ती हिंजवडीत नोकरी करते. मी मात्र दरवर्षी धायरीहून बस बदलत जाते. बँकेत जन्म गेला, पण माझ्या हाताकडे बघून कुणी श्वास रोखला नव्हता. ते सुख या खुर्चीने दिलं.

यंदा माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं, मुख्य पंच म्हणाले, “या, बघू.” पुण्यात ‘बघू’चा अर्थ काय, तो मला चांगला ठाऊक आहे. खुर्ची जाणार, या धास्तीने मी बसले.

उपांत्य सामना अगदी शेवटच्या गुणावर आला. एक मुलगी शटलसाठी झेपावली, तिची पाठ नेमकी माझ्यासमोर, आणि शटल तिच्यापलीकडे पडलं. सगळा हॉल माझ्याकडे बघू लागला. अंदाजाने ‘आत’ दाखवलं असतं तर कुणी विचारलं नसतं. खरं सांगितलं, तर म्हणणार, बाईंचे डोळे गेले.

मी दोन्ही हातांनी डोळे झाकले.

सामन्याच्या पंचांनाही दिसलं नव्हतं. गुण पुन्हा खेळवला गेला. सामना संपल्यावर मी गळ्यातलं ओळखपत्र स्वतःच काढून मुख्य पंचांपुढे ठेवलं.

“हे काय?”

“मला दिसलं नाही.”

“ते सगळ्यांनी पाहिलं. अहो, सगळं दिसतं म्हणणारे इथे पेठेपेठेत आहेत. दिसलं नाही म्हणणारं माणूस कुठून आणू? उद्या फायनलला वेळेवर या.”

बसमध्ये मुलीचा फोन आला. ऑफिसात बसून ती मॅच बघत होती.

“आई, उद्या आहेस ना गं खुर्चीत?”

“आहे.”

मग ती म्हणाली, “त्या पहिल्या वर्षी मी हरले ते बरंच झालं की.”

“हो बाई, फार उपकार झाले तुझे,” मी म्हटलं. थट्टेच्या सुरात म्हटलं, पण अगदी मनापासून म्हटलं.