बाईंचा तुंबा

थोरल्या जाऊबाई गेल्याचा चंद्रपूरच्या दवाखान्यातून फोन आला, तेव्हा मी बाजारचे वाटाणे ओल्या फडक्यात बांधत होते. पुतण्या रडत होता. मी त्याला धीर दिला आणि फडक्याची गाठ घट्ट मारली. मला रडू आलं नाही. माणूस गेलं की त्याचं सगळं चांगलंच होतं असं लिहितात... मला ते जमायचं नाही.

बाईंच्या वालाच्या मांडवाचं आमच्या गावात नाव होतं. निवडक शेंगांचे दाणे राखेत घोळून त्या चुलीवर टांगलेल्या वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात ठेवायच्या. मी लग्न होऊन शेजारच्या घरात आले त्या वर्षी मूठभर मागितले. त्यांनी हसत दिले, वर रात्रभर भिजव, फडक्यात बांध, मोड आले की पेरभर खोल लाव, हेही शिकवलं. दाणे फुगले, चिकट झाले, सडले. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. तोवर मला मूल झालं नव्हतं; ते नंतरही झालं नाही. एकदा मांडवाखाली शेंगा सोलणाऱ्या बायकांसमोर बाई म्हणाल्या, "हिच्या हाताले उगवणच नाई. ना मातीत, ना पोटात." बायका हसल्या. मीही हसले, काय करणार. त्यानंतर धानाच्या बियाण्याला मला कोणी हात लावू दिला नाही. पेरणीच्या दिवशी मी डबा घेऊन बांधावर उभी राहायची. बाजारचे वाटाणे माझ्याकडे भराभर उगवायचे, पण त्या बियाला दवाई लावलेली असते, ते कोणाच्याही हातानं उगवतं, असं बाई म्हणायच्या. मला ते पटायचं. वीस वर्षं पटलं.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात मी त्यांची वेणी घालत होते. न विचारताच त्या म्हणाल्या, "तुले दिलेले दाणे मी उकळत्या पाण्यातून काढत होती. मग सावलीत वाळवत होती."

"काऊन, बाई?"

"माह्या मांडवाची शेंग तुह्या दारात काऊन लटकावी?" एवढं बोलून त्यांनी पाणी मागितलं. मी पाजलं, अर्धी राहिलेली वेणी पुरी केली. माफी मागितली असती तर मी माफ केलं असतं की नाही, मला माहीत नाही.

त्यांना स्मशानात न्यायला सगळे जमले तेव्हा मी बाईंचं घर झाडायला मागे राहिले आणि चुलीवरचा तुंबा काढून पदराखाली घेतला. बारा दाणे भिजवले. तिसऱ्या दिवशी बाराच्या बारांना मोड होते. त्या दिवशी मात्र मी रडले, बाईंसाठी नाही, माझ्या हातांसाठी.

आता वेल कुडावर चढलाय. काल बाईंची सून आली. लग्नाला तिसरं वर्ष, कूस अजून रिकामी. तुंबा कुठे सापडेना म्हणून बिचारी कावरीबावरी झाली होती.

"काकू, मूठभर दाणे देता काय? माह्या हातानं लावून पाह्यतो."

परवा ये, निवडून ठेवते, म्हटलं. ती गेल्यावर मी पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं. तुंब्यातले उरलेले वाल बुडवून लगेच काढले. आता ते सुपात सावलीत वाळताहेत. रिकामा तुंबा माझ्या घरात खुंटीवर आहे. दाणे वरून अगदी चांगले दिसतात.