पोटातनं म्हण

आधी बाईंच्या उजव्या हाताचा तळवा टेबलावर सपाट पडायचा, मग आवाज यायचा, "न्हाय." आणि लगेच पोरांकडे वळून, "आता तुमी. पोटातनं म्हणा."

बारामतीतल्या एका विशेष शाळेतला हा धंदेशिक्षणाचा तास. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती आणि मी तिथे चित्रकला शिकवायचो. या मुलांना तेव्हा सगळे सर्रास मतिमंद म्हणत. अठरा पूर्ण झाली की मुलाची शाळा सुटायची, आणि त्याआधी त्याच्या हाताला काहीतरी काम यावं म्हणून बाईंची नेमणूक झाली होती. शाळेत शिक्षिका चार-पाच होत्या, पण नुसतं 'बाई' म्हटलं की याच.

तुम्ही कधी अशा शाळेत गेला असाल, तर तिथली एखादी मेणबत्ती तुम्हीही विकत घेतली असेल. बाईंनी आल्या आल्या मेणबत्त्या बंद केल्या. "बारामतीत लाईट जाते हे खरं," त्या म्हणाल्या, "पण जाऊन जाऊन किती जाईल?"

त्याऐवजी हा 'नाही' म्हणायचा तास आला. बाई एखाद्या मुलापुढे जाऊन हात पसरायच्या, "तुझा डबा दे मला." मूल निमूट डबा द्यायचं. "आरं, मग तू काय खाशील?" डबा परत, पुन्हा पहिल्यापासून. सांगितलेलं मुकाट्याने करणं ही आमच्या मुलांची ख्याती होती आणि पालकांना तिचं कौतुक होतं. बाईंना मात्र तिची धास्ती वाटायची. "उद्या कामावर कुणी म्हणंल, तुझा पगार दे. कुणी म्हणंल, चल माझ्यासंगं. तवा?"

तासाचे नियम दोनच होते. 'नाही' हा शब्द पोटातून आला पाहिजे, आणि एकदा आला की समोरच्याने पुन्हा विचारायचं नाही.

मुख्याध्यापकांना हे काही झेपत नव्हतं. "बाई, यांना काम करायला शिकवा. नाही म्हणायला आपला शिपाईसुद्धा शिकवील." त्यात एकदा तपासणीला साहेब आले. साहेबांनी एका मुलाच्या गालाला हात लावून म्हटलं, "बाळ, एक छान गाणं म्हण बघू." बाळाने टेबलावर हात आपटला, "न्हाय!" मुख्याध्यापकांना घाम फुटला. साहेबांनी पुन्हा तोंड उघडलं, तशा बाई हसतमुखाने म्हणाल्या, "साहेब, आता परत विचारायचं न्हाय." साहेब भला माणूस होता. त्याने चहा घेतला आणि गाण्याशिवाय गेला.

शनिवारी बाई मोठ्या मुलांना एसटीने घेऊन निघायच्या. याला त्या 'काम बघायला जाणं' म्हणत. बेकरी, सायकलचं दुकान, पोल्ट्री, रोपवाटिका. "पोरगी बघाया जात्यात तसंच हाय हे. चहा-पोहे तेवढे न्हाईत." मी कधीकधी सोबत जायचो. एका फेरीत मी त्यांना सहज विचारलं, की हे नाही म्हणायचं खूळ तुमच्या डोक्यात आलं कुठून? त्या खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत बसल्या. मला वाटलं, राग आला. मग म्हणाल्या, "आमी बौद्ध झालो तवाची गोष्ट. गावात कुणाचं जनावर मेलं. आमच्या दादांना, म्हंजी वडलांना, बोलावणं आलं, नेहमीसारखं, वढून न्यायला. दादा चावडीवर गेले आणि न्हाय म्हणले. आयुष्यात पहिल्यांदा. आई सांगायची, घरी येऊन कितीतरी वेळ थरथरत हुते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या एका शब्दावर आमी शिकलो, सर." मी त्यानंतर त्या तासाला खूळ म्हटलं नाही.

मंगलची शाळा सुटायला आली ती याच सुमारास. मंगल इंदापूरजवळच्या वस्तीवरची. अंगाने थोराड, बोलणं चार शब्दांचं, पण हात देवाने दिलेले. तिचे वडील, तात्या, थोडा ऊस आणि दोन म्हशी राखून होते. आई नव्हती. मंगलची भावजय एकच वाक्य ऐकवायची, की मंगल घरी येणार असेल तर तिने गोठ्यातच राहावं. तात्या शाळेत येऊन बाईंपुढे बसायचे आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे. "माझ्या माघारी हिचं काय, एवढंच सांगा बाई."

बाईंनी इंदापूरच्या अलीकडची एक रोपवाटिका हेरली. मालक आबा वयस्कर, सज्जन. काम पिशव्यांत माती भरायचं, सावलीतलं. अख्खा पावसाळा बाई आबांच्या मागे लागल्या होत्या. शेवटी आबा म्हणाले, "आणा पोरीला. आपल्या नातीसारखी ठेवतो."

त्या दिवशी आम्ही चौघं गेलो. मंगलने भराभर पिशव्या भरून दाखवल्या. आबा खूश, तात्यांच्या डोळ्यांत पाणी. बाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "मंगल, हितं येशील का कामाला?"

मंगलने एकदा डाळिंबाच्या रोपांच्या रांगांकडे पाहिलं. मातीने भरलेला तळवा तिने आबांच्या टेबलावर ठेवला. "न्हाय."

अगदी पोटातून.

तात्यांचा चेहरा पडला. "बाई, तिला समजलं न्हाय. पुन्यांदा इचारा की." आबाही म्हणाले, "विचारा, विचारा. पोरगी बुजली असंल." मलाही बाईंचा राग आला. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मंगल हो म्हणाली असती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंना तर सगळ्यात जास्त.

त्यांनी पर्स उचलली. "आबा, माफी करा. तिनं न्हाय म्हटलंय."

आम्ही इंदापूरच्या स्टँडवर आलो. स्टँडसमोर एक खानावळ होती, तिथे चहाला बसलो. तात्या बाहेरच उभे राहिले. बाई कपाकडे बघत हळूच म्हणाल्या, "शिकवलं मीच, सर. पण ती मलाच न्हाय म्हणंल असं वाटलं नव्हतं." त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

एवढ्यात मंगल जागेवर नाही, असं लक्षात आलं. ती कोपऱ्यातला पाण्याचा जग घेऊन टेबलांमधून फिरत होती. एकेका गिऱ्हाइकापुढे थांबायची, त्याच्या तोंडाकडे बघून हसायची आणि विचारायची, "पानी?" कंडक्टर, वकील, बाजाराला आलेल्या बाया, सगळ्यांना. रोपं तिच्याकडे बघून हसत नव्हती, एवढीच काय ती तक्रार असावी. गल्ल्यावरची मावशी तोंडाला पदर लावून बघत होती. "कुणाची ही?" तिने विचारलं.

बाई ताडकन उठल्या. "माझी," म्हणाल्या.

मंगल तिथेच कामाला लागली आणि मावशीच्याच घरी राहिली. दर बाजाराच्या दिवशी तात्या मुद्दाम खानावळीत जाऊन लेकीच्या हातचं पाणी पिऊन यायचे.

आणखी दोन वर्षांनी बाई आजारी पडल्या आणि महिन्याभरात गेल्या. मंगलला कुणीतरी सांगायला हवं होतं. ते काम माझ्याकडे आलं, आणि मला एसटीत कितीदा तरी वाटलं, की हे आपण अंगावर घ्यायला नको होतं.

दुपारची गर्दी होती. मंगलने मला ओळखलं, पेला भरला आणि दाराकडे पाहिलं. मी नेहमी बाईंच्या मागून आत यायचो.

"मंगल," मी म्हटलं, "बाई गेल्या गं. आता त्या यायच्या नाहीत."

तिने जग खाली ठेवला. ओला तळवा माझ्यापुढे टेबलावर सपाट टेकवला.

"न्हाय."

पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी पाणी मागितलं. तिने जग उचलला आणि गेली.

मी पुन्हा सांगितलं नाही.