मामाजींनी झोपवलेली झाडं

माझे सासरे, आमचे मामाजी, बस डेपोत मेकॅनिक होते. ते निवृत्त झाले त्या हिवाळ्यात फौजेतले माझे धाकटे दीर पंजाबातून सुट्टीवर आले आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या दोन काड्या घेऊन आले. पीचची कलमं. कमी थंडीत येणारी जात आहे म्हणाले. आमच्या मंगरूळपीरला पीच येतं असं तोवर कोणी ऐकलं नव्हतं.

मामाजींनी काड्या उलटसुलट करून पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी मुरूम आणायला गेले. आमच्या परसातली जमीन काळी, पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी. त्यांनी मुरूम आणि शेणखत कालवून गुडघाभर उंचीचे दोन ओटे रचले आणि त्यांवर कलमं लावली.

"मुळाशी पाणी तुंबलं का झाड गेलं समज," ते मला म्हणाले.

झाडं वाढली, पण तीन वर्षं नुसती पानंच. "मामाजी, तोडून टाका, लिंबू लावू," हे मीच म्हटलं होतं. ते ओट्यावरचं तण उपटत राहिले.

चौथ्या वर्षी ऐन पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, पण उजव्या हातात चहाचा कप टिकेना. ज्या हातानं इंजिनं खोलली तो हात मांडीवर पडून राहायचा. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. दोन दिवस दाबून त्यांनी तो कपाटावर ठेवून दिला. "मी काय लेकरू हाय?" एवढंच म्हणाले. मग दिवसभर मागच्या ओसरीवर बसून राहायचे.

दिवाळीच्या आसपास दिरांचा फोन आला. त्यांनी छावणीजवळच्या एका म्हाताऱ्या माळ्याला आमच्या झाडांचं विचारलं होतं. माळी म्हणाला, पीचला हिवाळ्यात झोप लागते. तुमच्याकडे थंडी थोडी, झाड जागंच राहतं, मग फुलणार कसं? पाणी तोडा, पानं हातानं काढून टाका. त्याला झोपवा.

मामाजींनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "आजपासून झाडाईले पाणी देऊ नको."

डिसेंबरात त्यांनी पानं काढायला घेतली. उजव्या हातानं. अंगठा आणि बोट पानाच्या देठापर्यंत नेताना त्यांचा दंड थरथरायचा. एक पान निघायला मिनिट जायचं, कधी जास्त. मी धावत गेले.

"मामाजी, द्या, मी काढते."

"तू शाळेत जाय. हे मायं काम हाय."

"मग डाव्या हातानं तरी काढा."

"डाव्याले काय झालं? तो तं चांगलाच हाय."

मी शेलूबाजारच्या शाळेत शिकवते. सकाळी निघताना ते झाडापाशी असायचे, संध्याकाळी परत यायची तेव्हाही तिथेच. शेजारचे फळवाले चाचा भिंतीवरून डोकावून म्हणाले, "भाई, चांगलं हिरवं झाड कायले ओरबाडून राह्यले?"

"झोपवून राह्यलो," मामाजी म्हणाले. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

दोन्ही झाडं उघडी व्हायला तीन आठवडे लागले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका सकाळी त्यांनी हाक मारली. मी हात पुसत बाहेर आले, तर उघड्या काड्या खालपासून वरपर्यंत गुलाबी झाल्या होत्या. एकही पान नाही, नुसती फुलं. मामाजी बाजूला उभे होते. मला रडू आलं. ते मात्र मधमाश्या बघत होते.

बोराएवढी फळं धरली तेव्हा त्यांनी निम्म्याहून जास्त खुडून टाकली. मला ते पाहवेना. "साऱ्याईले ठेवलं तं एकही धड पोसणार नाई," ते म्हणाले. उरलेल्यांना मी जुन्या ओढण्यांच्या पिशव्या शिवल्या, पोपटांपासून आणि फळमाशीपासून वाचवायला. त्या त्यांनीच बांधल्या. गाठ सैल बसली की सोडून पुन्हा बांधायचे.

एप्रिलच्या मध्यावर फळांवर लाली चढली. मी तोडायची घाई केली, तेव्हा चाचांनीच थांबवलं. "बेटी, लालीवर जाऊ नको. देठापाशी पाह्य. तिथलं हिरवं जाऊन पिवळं आलं का मग तोड." चार दिवसांनी मामाजींनी पहिलं फळ उजव्या तळव्यात धरलं, हलकेच पिळा दिला आणि ते सुटून आलं. एकेचाळीस फळं निघाली. चाचांनी तिथेच उभ्यानं एक खाल्लं. रस मनगटावरून ओघळला.

"आडू हाय भाई, असली आडू!" ते म्हणाले. पीचला ते हिंदीतलं आडूच म्हणायचे. "तुमी तं कमाल केली."

मामाजींनी त्यांच्या हातात आणखी चार ठेवली.

मी दोन फळं शाळेत नेली. पातळ फोडी केल्या, सगळ्या वर्गाला पुरवायच्या म्हणून. एका मुलीनं फोड तोंडात घोळवत विचारलं, "मॅडम, हे कोणत्या गावचं?"

"मंगरूळचं."

"खोटं बोलून राह्यल्या मॅडम," ती मैत्रिणीला म्हणाली, आणि दुसरी फोड मागायला हात पुढे केला.