नरसूआत्याचा फिरता हात

आमची नरसूआत्या कॉपी करून मॅट्रिक झाली, असं अण्णा मरेपर्यंत म्हणत होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. तिचा सख्खा थोरला भाऊ.

आज आत्याचा स्मृतिदिन. नातीनं मोबाईलवर मराठी टाईप करायला शिकवलंय, म्हणून आज लिहूनच टाकतो.

गोष्ट माझ्या जन्माआधीची, एकोणीसशे तीसनंतरची. सोलापुरात आमचं विणकराचं घर. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. पुढच्या खोलीत माग. मागच्या खोलीत आत्या कांड्या भरायची, म्हणजे उजव्या हातानं रहाट फिरवत नळीवर सूत गुंडाळायचं. शाळेतून आली की तेच काम.

तिथंच बसून अण्णा मॅट्रिकची भूमिती मोठ्यानं घोकायचे. इंग्रजीत.
प्रत्येक सिद्धांत संपला की स्वतःलाच विचारायचे, "आलं का ध्यानात?"

येत नव्हतं. भूमितीनंच त्यांना नापास केलं, आणि ते मागावर बसले.

मग आत्याची मॅट्रिक आली. तिला पुढं कॉलेजला जायचं होतं आणि त्याला भूमिती लागते, असं तिच्या कानावर आलेलं.
पण तिच्या शाळेत मुलींना भूमिती शिकवतच नव्हते. त्याऐवजी घरकामाचा विषय.

तरीही हिनं भूमितीच्या पेपरला नाव दिलं. वर्ग नाही, मास्तर नाही, शिकवणी नाही.

आजोबा म्हणाले, "पास झालीस तर धाडतो कॉलेजात."

गल्लीचे कान उभे राहिले.
"कोण शिकवतंय गं हिला? कुटं जाती काय?"
"कुटं न्हाय जात. सदा रहाटावर असती."
"मग तर लईच संशय हाय!"

पेपरच्या दिवशी आत्या थोडं लिहायची, थांबायची, टाक खाली ठेवायची. आणि उजवा हात हवेत गोल गोल फिरवायची.

सुपरवायझर धावत आला. "ए मुली, खुणा कुणाला करतेस?"

"खुणा न्हाय सर. कांड्या भरते."

सगळा हॉल हसला.

त्यानं तिला उठवून बाहेर व्हरांड्यात बसवलं. एकटीला, भिंतीकडं तोंड करून. आत्यानं उरलेला पेपर तिथं लिहिला. हात फिरवत.

पास झाली!

मला सांगा, भिंतीला खुणा करून कुणी पास होतं का?
पण ती घरी पोचायच्या आत गल्लीत बातमी पोचली होती. 'खुणा करताना धरली.' भिंतीचं कुणी बोललंच नाही.

अण्णांनी सगळ्यांसमोर विचारलं, "खरं सांग. भूमिती शिकवली कुणी?"

"तूच की, अण्णा."

"मी? नापास माणूस? टिंगल करतीस व्हय माझी?"

ती रहाटावर जाऊन बसली. अण्णांनी आजोबांना सांगितलं, हिनं चोरी केलीय, कॉलेजात पाठवाल तर तिथंही तोंड काळं करील.

कॉलेज राहिलं. आत्या प्राथमिक शाळेत बाई झाली. जन्मभर दुसऱ्यांची पोरं शिकवली.
आम्ही पोरं गणित घेऊन तिच्याकडं निघालो की अण्णा म्हणायचे, "तिला काय विचारता? ती खुणांवर पास झालेली हाय."
इतकी वर्षं ऐकून मलाही वाटायचं, काहीतरी असणारच की.

अण्णा गेले. पुढं काही वर्षांनी आत्या हॉस्पिटलात होती. दुपारची वेळ. ग्लानीत होती, ओळख राहिली नव्हती. उजवा हात चादरीवर गोल गोल फिरत होता.

नर्स मला म्हणाली, "आजोबा, हात धरा. झटके येताहेत."

मी हात धरायला वाकलो. ती पुटपुटत होती.

"द अँगल्स अ‍ॅट द बेस ऑफ अ‍ॅन आयसॉसिलीज ट्रँगल आर ईक्वल."

समद्विभुज त्रिकोणाचा सिद्धांत. हात एक फेरा फिरला. मग अगदी अण्णांच्या ठेक्यात,

"आलं का ध्यानात?"

मी हात सोडून दिला. फिरू दे म्हटलं.

ती टिंगल नव्हती हो. रहाट फिरवता फिरवता तिनं भावाचा आवाज ऐकला होता, आणि हात फिरला की तोच आवाज तिला परत आठवायचा. त्यांना न उमगलेली भूमिती तिला उमगली होती, आणि ती शिकवणारा मास्तर स्वतःला नापास समजून गेला.

त्या दोघांत आता समेट झाला असेल, अशी आशा आहे. आमच्या साऱ्या घराचा उशिरा केलेला नमस्कार तुझ्या पायाशी.

आलं ध्यानात, आत्या.