लवूच्या पद्मिनीतला पहिला वारा

लवू पाष्टेने तीस वर्षं दुसऱ्यांसाठी बर्फ केला. भाईंदर पश्चिमेला एका बर्फाच्या कारखान्यात तो फिटर होता. कॉम्प्रेसरला नुसता कान लावला की पोटात काय दुखतंय ते सांगायचा. अख्ख्या बंदराची मच्छी त्याच्या जिवावर ताजी राहायची, आणि त्याच्या स्वतःच्या गाडीत बसलेला माणूस मात्र वांग्यासारखा भाजून निघायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गाडी म्हणजे चौऱ्याऐंशी सालची पद्मिनी. रंग मूळचा पांढरा, असं लवू म्हणायचा. लोक मान डोलवायचे. जेसल पार्कच्या त्याच्या बिल्डिंगखाली ती उभी असायची. वर्षातून एकदा, गणपतीला, ती लांज्याजवळच्या त्याच्या गावी जायची. तेवढ्यासाठी तो वर्षभर तिला पुसायचा. बायकोने एकदा हिशेबच मांडला होता, की एवढा हात मुलींच्या वेण्यांवरून फिरवला असता तर आज सासरी बसून त्या बापाचं नाव घेत राहिल्या असत्या.

बायको म्हणजे सुगंधा. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. जिभेला धार अशी, की त्या भांड्यांना पॉलिशची वेगळी गरज पडत नसावी. दोन हजार तीनच्या गणपतीत ती गावी पोचली ती उघड्या खिडक्यांतून तीनशेसाठ किलोमीटर हवा खाऊन. केस पिंजलेले, तोंडावर धूळ, डोक्यातला गजरा चिपळूणच्या आसपास कुठेतरी महामार्गाला अर्पण झालेला. दारात थोरली जाऊ उभी, मनोरमावहिनी. त्यांनी ओवाळायचं ताट तसंच हातात धरलं आणि विचारलं, "सुगंधा, गाडीत बसून आलीस की गाडी ढकलत?"

झालं! अंगण हसलं, ओटी हसली, आत चुलीपाशी बसलेल्या बायकासुद्धा हसल्या. सुगंधाही हसली, पण लवूने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं की आता आपलं काही खरं नाही.

परत आल्यावर तिने निकाल सांगितला. पुढच्या वर्षी मी एसटीने जाणार आणि ही गाडी भंगारात. बोलून थांबली असती तर ती सुगंधा कसली! काशीमिऱ्याच्या एका भंगारवाल्याला ती घेऊनच आली. त्याने पद्मिनीच्या बॉनेटवर थाप मारली तेव्हा लवूला आपल्याच गालावर बसल्यासारखी वाटली. त्याने हातापाया पडून वर्षाची मुदत मागितली. गाडीत एसी बसवतो म्हणाला. काचा बंद करून, राणीसारखी नेतो.

सुगंधाने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. म्हणाली, "ठीक. माझा गजरा गावापर्यंत जागेवर राहिला, तर गाडी राहील. हलला, तर गेली."

आता पद्मिनीत एसी म्हणजे म्हाताऱ्याला लेझीम खेळायला लावण्यातला प्रकार. नवा बसवायची ऐपत नव्हती, म्हणून लवू पोचला हाटकेशला, धम्मपालच्या गाळ्यात. धम्मपाल गाड्यांचं वायरिंग करायचा. मूळचा हिंगोलीकडचा, वाचणारा माणूस, मोजून बोलणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाला, की लवूभाऊ, इंजिन रडेल, पण करू.

मग रविवारमागून रविवार दोघांनी भंगार पालथं घातलं. कॉम्प्रेसर मिळाला ट्रकने मागून चेपलेल्या एका मारुतीचा. रेडिएटरपुढे लावायची जाळी एका टुरिस्ट गाडीची. कॉम्प्रेसर धरायला ब्रॅकेट हवा होता, तो लवूने घरातल्या लोखंडी कॉटच्या पायाचा केला. त्या रात्रीपासून कॉटला एका कोपऱ्यात विटा आल्या, आणि विटांच्या बाजूला झोपायचं लवूच्या वाट्याला आलं.

अडलं ते कूलिंग कॉइलपाशी. डॅशबोर्डखाली बसतं, त्याच्यावरून पंखा हवा फेकतो आणि ती गार होऊन अंगावर येते, ते हे खोकं. ते कुठे मिळेना. शेवटी मोरव्यात एका वाडीत एक बंद पडलेली व्हॅन सापडली. आत कोंबड्यांनी संसार मांडलेला, पण एसी शाबूत. मालकीण शेवंतीबाई ओसरीवर बसून सुकट निवडत होती. लवूने विचारलं, की कॉइल चालतं ना? बाईने मान वर न करता सांगितलं, "थंड जाम करतं. बाकीचा मना नको इचारू."

लवूने विचारलं नाही. बर्फवाल्या माणसाला थंड करतं एवढं पुरे होतं. त्या व्हॅनमधून बाई दहा वर्षं काय वाहत होती, हे तिच्या मांडीवरच्या सुपाकडे पाहून शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण मच्छीच्या बर्फात तीस वर्षं उभ्या राहिलेल्या नाकाला कसला वास आणि कसलं काय!

सगळं जुळत आलं आणि लवूला गावची आठवण झाली. त्यांच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. गुरव देवाला खडसावून सांगतो, की बाबा, अमुक कर, तमुक टाळ, आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरतात. लहानपणापासून ही सवय हाडात मुरलेली असते. गुरव जरा थांबला, की तोंडातून होकार सुटतोच.

तर लवूने गावच्या देवळासमोरच्या दुकानात फोन लावला. बबन गुरवाला बोलावणं गेलं. धम्मपालचा नवा मोबाइल स्पीकरवर टाकून बॉनेटवर ठेवला, शेजारी नारळ. धम्मपालने स्वच्छ सांगितलं, की मी हे मानत नाही, पण फोन माझा वापरा. आणि बबनने तिकडून सूर लावला. ह्या लेकराच्या गाडीत गारवा पडू दे. व्हय म्हाराजा. वाटेत आडवं येईल ते बाजूला होऊ दे. व्हय म्हाराजा. बबन रंगात आला. शहरातलं गाऱ्हाणं, फोनवरचं, त्यालाही नवलच होतं. त्याने आपल्या पदरचं एक घातलं. "आणि पयला गार वारा घरच्या लक्ष्मीला जाऊ दे! तिच्याआधी दुसऱ्या कुणी घेतला, तर त्याची झळ होऊ दे!"

"व्हय म्हाराजा," लवू म्हणून गेला.

म्हणून गेला, आणि मग त्याला घाम फुटला. कारण अजून गॅस भरायचा होता, एसी चालवून बघायचा होता, आणि आता गाडीत बसून बघायची सोय राहिली नव्हती.

धम्मपाल म्हणाला, मी बसतो, मला झळबिळ काही लागत नाही. लवू गाडीच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. धम्मपालने हातातली पक्कड खाली ठेवली आणि म्हणाला, "गाऱ्हाणं मी मानत नाही. पण तू शब्द दिलास, तो मानतो." आणि त्याने स्विचची वायर लांब करून काचेच्या फटीतून बाहेर काढली. फट चिकटपट्टीने बंद केली. लवूने कारखान्यातलं थर्मामीटर आरशाला टांगलं. मग सप्टेंबरच्या उन्हात दोघं घामाघूम होऊन बाहेर उभे, काचेला नाक लावून, आणि आत रिकाम्या सीटा गारवा खातायत! तीस, पंचवीस, एकोणीस, सोळा. सोळावर लवू नाचला. शेजारच्या गाळ्यातले लोक बाहेर येऊन बघून गेले आणि धम्मपालला हळूच विचारून गेले, की भाऊंना कधीपासून असं होतंय.

त्या दिवशी गाळ्यात तीन मांजरं येऊन गाडीभोवती बसली होती. धम्मपालच्या ते ध्यानात आलं. लवू म्हणाला, मुकी जनावरं, गारव्याला आली असतील. धम्मपाल मांजरांकडे पाहत राहिला.

दोन हजार चारच्या गणपतीला पहाटे गाडी निघाली. डिकीत मखर आणि कपडे. मागच्या सीटवर देवाचं सगळं सामान, कापूर, कंठी, पेढे. पुढे सुगंधा. नवी साडी, चापूनचोपून बसवलेले केस, त्यात अबोलीचा जाडजूड गजरा. घोडबंदर रस्त्याला लागेपर्यंत लवूने दम धरला. मग काचा वर घ्यायला लावल्या, वाऱ्याचे सगळे झरोके तिच्याकडे वळवले, मनात देवाचं नाव घेतलं आणि स्विच दाबला.

गार वारा आला. खरोखर आला. सुगंधाने डोळे मिटले, आणि लवूला वाटलं, तीस वर्षांचं सार्थक झालं.

मग तिने डोळे उघडले.

कॉइल ओलं झालं होतं, आणि त्याच्या पापुद्र्यापापुद्र्यांत दहा वर्षं मुरलेले बोंबील जिवंत होऊन गाडीत आले होते. मागे सुकट, तिच्यामागे जवळा. आणि ते साल अधिक श्रावणाचं. दोन श्रावण पाळून घरात दोन महिने मासळीचं नाव नव्हतं, आणि आता गणपतीच्या पेढ्यांवर सुक्या मासळीचा अभिषेक चाललेला! सुगंधाने गाडी थांबवायला लावली. देवाचं सामान उचलून डिकीत नेलं, कपड्यांचं बोचकं मागच्या सीटवर आणलं. मग तिने उदबत्ती लावून पाहिली. त्यावर गाडीत जो काही वास झाला त्याला मराठीत शब्द नाही. दोघं खोकत बाहेर पडली.

एसी बंद, काचा खाली. सुगंधाने गजरा उपटून काढला आणि एका रिकाम्या स्टीलच्या डब्यात टाकून झाकण लावलं. लवूने ते पाहिलं. म्हणजे गाडी गेली. काशीमिऱ्याच्या त्या थापेचा आवाज त्याच्या कानात वाजायला लागला.

पेण आलं. मग तिने विचारलं, की इतके दिवस ह्या खोक्याशी झटत होतात, एकदाही नाकाला कळलं नाही?

लवूने स्टिअरिंगकडे बघत सगळं सांगितलं. फोन, नारळ, बबनने घुसडलेलं वाक्य, तोंडातून सुटलेला होकार. की पहिला वारा तुझा होता म्हणून आत बसलोच नाही. बाहेरून काचेतून बघितला, धम्मपाललाही बसू दिलं नाही.

सुगंधा खिडकीबाहेर बघत राहिली. तिचे केस सुटून भुरभुरत होते. ती एवढंच म्हणाली, की बबन गुरवाला कोण विचारायला गेलं होतं. पण आवाजाला ती नेहमीची धार नव्हती, आणि लवूला ते जास्त भीतीचं वाटलं.

कशेडी आला, गेला. पद्मिनी घाटात धापा टाकत चढली. संगमेश्वर गेलं. सुगंधाचं तोंड धुळीने माखलं, गेल्या वर्षीसारखंच. गावात शिरायच्या आधी एक वळण आहे, वडाखालचं. तिथून घर दिसत नाही. तिथे तिने गाडी थांबवायला सांगितलं.

ती खाली उतरली. बाटलीतल्या पाण्याने तोंड धुतलं. कंगवा काढला, आरशात बघून एकेक केस बसवला, साडीच्या निऱ्या नीट केल्या. मग डबा उघडला. आत अबोली सकाळी होती तशीच होती. तिने गजरा माळला, दोन पिना जास्त खोचल्या आणि येऊन बसली. काच वर घेतली.

"लावा तो तुमचा एसी," ती म्हणाली.

लवूचा हात स्विचपाशी अडला. ती पुढे म्हणाली, "पहिला माझा होता, तो झाला घेऊन. आता तुम्हीही घ्या."

लवूने एक झरोका स्वतःकडे वळवला आणि स्विच दाबला. बोंबील आले. तिने नाकाला पदर लावला, पण डोळे हसत होते. त्याने वर्षभर खपून केलेला गारवा पहिल्यांदा स्वतःच्या अंगावर घेतला, आणि त्याचे डोळे भरून आले. ते वासाने, असं तो पुढे सगळ्यांना सांगायचा.

गाडी काचा बंद करून अंगणात शिरली. सगळं घर बाहेर आलं. सुगंधा उतरली ती लग्नातून उठून आल्यासारखी. मनोरमावहिनीने ओवाळताना तिचा दंड धरला आणि दचकून सोडला. दंड गार होता. गजऱ्याकडे बघितलं, तो जागच्या जागी. वहिनी काही बोलणार, तेवढ्यात त्यांचं नाक हललं. पुन्हा हललं. गाडीच्या उघड्या दारापाशी जाऊन त्यांनी एक लांब श्वास घेतला आणि चेहऱ्यावर असं काही आलं, की दोन महिन्यांचा उपवास क्षणभर डोळ्यांत दिसला.

"सुगंधा, मला सुक्या बोंबलांचा वास कसा येतोय गं?"

"दोन श्रावण पाळलेत ना वहिनी, म्हणून. होतात असे भास," सुगंधा म्हणाली, आणि तांदूळ झटकत आत गेली.

विसर्जन झालं, मंडळी जेसल पार्कला परत आली. ठरल्याप्रमाणे भंगारवाला दाराशी हजर. लवू पायऱ्यांवर उभा होता, खाली मान घालून. गजरा तीनशेसाठ किलोमीटर डब्यातून गेला होता, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक न्यायाधीश होती.

भंगारवाल्याने विचारलं, "क्या भाभी, गाडी ले जाऊं?"

सुगंधाने लवूकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "गजरा हिला नहीं. गाडी नहीं देनी."