चंद्रभागाबाईंचं डोहाळजेवण

चंद्रभागाबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. नाशकात आमचं तांबटांचं घर. पुरुष हंडे ठोकायचे आणि जाऊबाई ते चिंच लावून असे घासायच्या, की गिऱ्हाईक आधी त्यात स्वतःच्या मिशा बघायचं आणि मग भाव विचारायचं. लग्नाला वीस वर्षं झाली तरी त्यांना मूल नव्हतं. माझी पाच पोरं त्यांच्याच मांडीवर वाढली. मी मेली तोंडाची फाटकी. एकदा भांडणात म्हणाले, "तुम्हाला काय कळणार आईचं काळीज!" त्या उठल्या आणि माझ्या धाकटीला न्हाऊ घातलं.

छत्तीस साली त्यांची पाळी बंद झाली आणि पोट दिसू लागलं. तेव्हा त्यांना अडतिसावं लागलं होतं. कुसाबाई सुईणीनं पोट चाचपून सांगितलं, "मूल आहे." माझी पाचही बाळंतपणं तिनंच केलेली, तिच्या शब्दापुढे आमच्या घरात कुणाचं चालायचं नाही. पुंजाभाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, दोन दिवस हातोडीच्या तालावर गुणगुणत होते.

पण पोट वाढत होतं आणि बाई वाळत होत्या. दोन घासांत पोट भरायचं. पाचव्या महिन्यात मी त्यांना बायकांच्या दवाखान्यात नेलं. तपासणीनंतर डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला बोलावून घेतलं.

"हे मूल नाही. बीजकोशाला गाठ आहे, बहुधा कर्करोगाची," त्या म्हणाल्या. "सध्या एकाच बाजूला वाटते. या आठवड्यात पोट उघडून काढली तर आशा आहे. मग मुंबईला क्ष-किरणांचा शेकही देता येईल. पण थांबू नका."

माझं डोकं भडकलं. ग्रहणात आम्ही गरोदर बाईला भाजीसुद्धा चिरू देत नाही, आणि ही बया पोटच चिरायला निघाली! उचलली जीभ लावली टाळ्याला. "तुम्ही स्वतः कधी बाळंत झालात का?" असं विचारून मी तरातरा बाहेर आले. घरी कुणाला काही सांगितलं नाही. वीस वर्षांनी हसणाऱ्या बाईला असलं अभद्र कोण सांगणार?

सातव्या महिन्यात मी त्यांचं डोहाळजेवण केलं. हिरवं लुगडं, फुलांचे दागिने, पाटाभोवती रांगोळी. झाकलेल्या दोन वाट्यांतली एक त्यांनी उचलली. खाली पेढा निघाला. "मुलगा होणार!" म्हणून बायकांनी गलका केला. त्या दिवशी जाऊबाई किती सुंदर दिसत होत्या!

नववा सरला, दहावा लागला. कळा नाहीत. श्वासही पुरेना. कुसाबाई एकदा येऊन पोटाला हात लावून गेली, ती पुन्हा आलीच नाही.

आम्ही परत दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सगळ्यांसमोर शांतपणे सांगितलं, "आता सगळ्या पोटात पसरलंय. कापून उपयोग नाही. पाणी साचलंय ते काढते. आठ दिवस बरं वाटेल, पुन्हा भरेल. मुंबईचा शेक आहे, पण प्रवास झेपायचा नाही आणि गुण येईलच असंही नाही. दुखलं तर अफूचं औषध देईन."

भाऊजी मुंबईला निघायला तयार होते. जाऊबाई म्हणाल्या, "पाणी काढा आणि घरी चला." दोन बादल्या पाणी निघालं. त्या बादल्यांकडे बघून म्हणाल्या, "एवढंच होतं."

घरी मी त्यांचे पाय धरले. सगळं सांगितलं. पाचव्या महिन्यात गाठ निघाली असती, मी बोलले नाही, मीच तुम्हाला मारलं.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "वत्सले, रडू नकोस. डॉक्टरीणबाई तुला सांगत होत्या, ते मी तेव्हाच ऐकलं होतं. मीच गप्प राहिले. एकदा त्या पाटावर बसायचं होतं गं."

नवव्या दिवशी त्या गेल्या.

डॉक्टरीणबाई माझ्याशी बोलल्या, तेव्हा मी जाऊबाईंना रस्त्यापलीकडे टांग्यात बसवून आले होते. तिथून त्यांना एक शब्दही ऐकू जाणं शक्य नव्हतं. मला हे कळलंय, एवढंसुद्धा मी त्यांना सांगितलं नाही.