पास्कलच्या महागड्या घड्याळाबद्दल मी चुकीचं लिहिलं

मंडळी, कसे आहात सगळे? विरारच्या सुमनताई, मोतीबिंदू काढल्यावर आता नीट वाचता येतंय ना? नालासोपाऱ्याचे आमचे कदम, गुडघा काय म्हणतोय? आणि आगाशीचा विलास... खोकला गेला का रे बाबा, की अजून मुक्कामालाच आहे?

मी तब्येतीने बरा आहे. मन मात्र ठिकाणावर नाही... रविवारी अर्नाळ्याला पास्कलकडे जाऊन आलो, तेव्हापासून.

पास्कल माझा चाळीस वर्षांचा दोस्त. पूर्वी होडीवर जायचा, आता घरच्या ओट्यावर बसून लोकांची फाटलेली जाळी दुरुस्त करून देतो. त्याची मुलगी रोझी आखातात नर्स आहे. तीन नाताळांमागे आली तेव्हा बापासाठी स्वित्झर्लंडचं घड्याळ घेऊन आली.

ऑटोमॅटिक घड्याळ. त्यात सेल नसतो... आत एक वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग भरली जाते. हात स्वस्थ राहिला तर घड्याळ दीड-दोन दिवसांत थांबतं.

घड्याळांचा विषय निघाला की माझी गाडी थांबत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शाळा सातवीत सुटली, पण बंद पडलेली घड्याळं उघडून उघडून जे काही शिकलो ते शिकलो. माझ्या स्वतःच्या मनगटावर मात्र साधं सेलवालं. पास्कलच्या त्या एका घड्याळात माझ्यासारखी पन्नास तरी आली असती!

मागच्या उन्हाळ्यात त्याचं घड्याळ सारखं थांबायला लागलं. मी म्हटलं, आण इकडे, बघतोच. मग आठ दिवस एका हातात त्याचं आणि दुसऱ्या हातात माझं घालून गावभर हिंडलो... आगाशीच्या बाजारात भाजीवालीने हटकलंच, "काका, दोन दोन? एक काकूंच्या टायमाचं काय?"

त्या आठ दिवसांत ते एकदाही थांबलं नाही. दिवसाला चार-पाच सेकंद पुढे जायचं, तेवढंच. मी ते परत दिलं... आणि तिसऱ्या दिवशी पास्कलच्या हातात पुन्हा बंद!

तेव्हा त्याच्या ओट्यावर, चार माणसांत, मी बोलून गेलो, "घड्याळाला काही झालेलं नाही. आळशी माणसाच्या हातात हे चालत नाही. जरा हात हलवा, पास्कलशेठ!" सगळे खो खो हसले. पास्कलही हसला. "हलवतो तर हाय रे," एवढंच म्हणाला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. घरी येऊन मी पोस्ट लिहिली... महाग घड्याळ बरं की स्वस्त. माझं सेलवालं दोन वर्षं बघायला लागत नाही, वेळ काटेकोर, पावसात भिजलं तरी कुरकुर नाही. आणि मित्राचं भारीतलं रोज उठून झटकावं लागतं... पोरीचे पैसे पाण्यात. तुम्हीही भरभरून हसलात. मी प्रत्येक कमेंटला उत्तर दिलं, खुशीत.

त्यानंतर पास्कलने घड्याळ कपाटात ठेवून दिलं. का ठेवलं, ते मी विचारलं नाही.

यंदाच्या नाताळला रोझी सुट्टीवर आली. मिस्साची प्रार्थना संपल्यावर बाप चर्चच्या आवारातून चालत येताना तिने पाहिला. उजवा हात नेहमीसारखा पुढेमागे होत होता... डावा नुसता अंगाला धरलेला. घड्याळ तो डाव्याच हातात घालायचा. ती नर्स, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. दोन दिवसांत वसईच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

पार्किन्सन. डॉक्टर म्हणाले, वर्षभर तरी झालं असेल. हाताचा व्यायाम आधी सुरू झाला असता तर एवढा ताठरपणा आला नसता. आता त्या हातात जाळं धरून ठेवायचं म्हणजे पाच मिनिटंही जड जातं.

हात हलत नाही म्हणून घड्याळ थांबतंय, हे त्या ओट्यावर फक्त मला कळत होतं. बाकी कुणाला त्यातलं ठाऊक नव्हतं. आणि हात का हलत नाही, हे मी त्याला विचारलं नाही... त्याला आळशी म्हणालो. पहाटे होडीवर जाऊन ज्याने पोर शिकवली, त्याला.

रविवारी त्याच्यासमोर जाऊन बसलो. म्हटलं, "चुकलं रे माझं." पास्कल म्हणाला, "ते जाऊ दे. तू लिवलंस ना, पोरीचे पैसे पान्यात... ते तिने तिकडे वाचलं. मना काय नाय वाटलं, तिला लागलं. घड्याळ चांगलं हाय, तसं लिव आता."

रोझी चहा घेऊन आली. "काका, साखर अर्धाच चमचा ना?" म्हणाली.

म्हणून आज लिहितोय, मंडळी. साधं सेलवालं घड्याळ चांगलंच असतं, ते मत काही बदललं नाही. पण रोझीने आणलेलं घड्याळही अस्सल आहे, घडण उत्तम आहे, नीट ठेवलं तर पुढच्या पिढीलाही पुरेल. त्यात एका पैशाची खोट नव्हती. खोट मी काढली.

त्या पोस्टवर जे हसले होते त्यांना हात जोडून विनंती... बापलेकींसाठी इथे दोन ओळी लिहा. पास्कलच्या हातात फोन फार वेळ राहत नाही, मी जाऊन वाचून दाखवीन. तेवढं जरा लवकर लिहा. रोझी शनिवारी परत जातेय.